बिनदाराच्या घरातली बुटकी

आमच्या घराला दार नाही. चौकट आहे, उंबरा आहे, चौकटीला तोरण आहे. दार नाही, त्यामुळे कडीकोयंडाही नाही. शिंगणापुरात यात सांगण्यासारखं काही नाही, पण बाहेरून येणाऱ्यांना त्याचं फार अप्रूप. आमची उसाच्या रसाची रसवंती रस्त्याला लागून आणि घर तिच्या मागेच, त्यामुळे रस पिऊन झाला की भाविक हळूच विचारतात, "मावशी, खरंच दार नाही का हो?" मी चौकटीकडे हात करते. ते फोटो काढतात. हल्ली मात्र त्या फोटोत चौकटीपेक्षा जास्त भाव खाते ती उंबऱ्याच्या आत बसलेली आमची कुत्री. मला तिचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. ज्यांना आपले अभिमान लपवायचे असतील त्यांनी खुशाल लपवावेत.

मुलाने तिचं नाव काहीतरी इंग्रजी ठेवलं होतं. ते आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, जिभेवर बसेना, म्हणून घरात सगळे तिला बुटकीच म्हणतात. जात जॅक रसेल टेरियर. उंची माझ्या गुडघ्याच्या बरीच खाली, अंग पांढरं, एक कान आणि त्याखालचा डोळा तपकिरी, शेपूट कायम ताठ. मुलगा सांगतो की साहेबाच्या देशात ही जात कोल्ह्याच्या बिळात शिरून त्याला बाहेर हुसकायला तयार केली. कोल्हा हिच्याहून मोठा, बीळ त्याचं, आत अंधार, आणि तरी हिने शिरायचं. असल्या रक्ताच्या कुत्रीला भीती कसली असणार? आमचा उसाचा चरक ओढणारा बैल चांगला दांडगा आहे. पहिल्याच दिवशी ही त्याच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली आणि तो बिचारा दोन पावलं मागे सरकला. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही म्हण ज्याने केली त्याने हीच जात पाहिलेली असणार.

ती आली दिवाळीनंतर. मुलगा पुण्यात नोकरीला, तिथे तिसऱ्या मजल्यावर राहतो. दिवसभर तो कामावर आणि ही एकटी घरात. एकटी पडली की ही भुंकते, भुंकून कंटाळली की सोफा उकरते. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या. शेवटी तो तिला घेऊन इकडे आला आणि म्हणाला, "आई, थोडे दिवस ठेव. मी दुसरी जागा बघतो." सोबत तिची प्लास्टिकची पेटी होती. पेटीला पुढे जाळीचं दार आणि त्या दाराला खिट्टी. निघताना त्याने तीनतीनदा बजावलं, "तुम्ही कामात असाल तेव्हा हिला पेटीत ठेवा आणि खिट्टी लावा." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि त्याच संध्याकाळी ती पळाली. झालं असं की यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, तिला पेटीत ठेवलं, पाणी ठेवलं, जाळी लोटली आणि ते बैल सोडायला गेले. खिट्टी लावायची असते हे त्यांना ठाऊक होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. त्यांचा सगळा जन्म या घरात गेला. घराला कडी नाही, कपाटाला कुलूप नाही, धान्याच्या कोठीचं झाकणसुद्धा नुसतं ठेवलेलं. वस्तू लोटली की ती बंद झाली, एवढंच त्यांचा हात जाणतो. दुसऱ्या कुठल्याही गावात ही चूक कुणी केली नसती.

आम्ही हाका मारत सगळा रस्ता धुंडाळला. गाड्या उभ्या करतात त्या मैदानात ती सापडली. एका जाडजूड काकांच्या मांडीवर बसून पेढे खात होती. त्याआधी कुणीतरी काळ्या कुत्र्यासाठी ठेवलेल्या तेलात भिजवलेल्या पोळ्याही तिने साफ केल्या होत्या. शनीच्या गावात कुत्र्याला उपाशी राहायची सोय नाही. ही काळी नाही, पण भाविक कुठे एवढं बघतात?

दुसऱ्या दिवशी तिचं पोट असं बिघडलं की ती उठून उभी राहीना. घोडेगावाहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी सुई टोचली, औषध दिलं, आणि म्हणाले, "तेलकट आणि गोड एकदम बंद. चॉकलेट, कांदा, द्राक्षं, मनुका यांचा तर वाससुद्धा नको. ही जात चपळ असते, संधी मिळाली की पसार होते. तेव्हा दार लावत जा." बोलून झाल्यावर आपण कुठे उभे आहोत ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चौकटीकडे पाहिलं आणि स्वतःच हसायला लागले.

मुलगा हसला नाही. फोनवर पडलेल्या आवाजात म्हणाला, "आई, समोरून बसेस जातात. एक दिवस ती चाकाखाली येईल. शनी अमावास्येला मी येणारच आहे. तोवर निदान मागच्या खोलीला तरी दार बसवा. नाहीतर मी तिला घेऊन जातो. नगरला माझा एक मित्र आहे, बंद फ्लॅट आहे त्याचा, तो सांभाळेल." मी म्हणाले, दार बसणार नाही आणि कुत्रीही जाणार नाही. तो म्हणाला, "दोन्ही कसं जमेल?" मी फोन ठेवून दिला.

मला ती हवी होती, हे सरळ सांगते. मुलगा पुण्याला गेल्यापासून घर शांत झालं होतं. हे मुळात अबोल, आत्याबाई जपमाळेत. मी दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायची आणि घरात आले की माझं तोंड बंद. ही आजारी पडली तेव्हा त्या रात्री माझ्या पायाशी झोपली आणि सकाळी उठल्याबरोबर तिने आपलं थंडगार नाक माझ्या तळव्यात खुपसलं. तेवढ्याने मी तिची झाले. आता तिला बंद फ्लॅटमध्ये पाठवायचं म्हणजे मला जमण्यासारखं नव्हतं.

दार बसवायची गोष्ट आत्याबाईंपुढे काढणं शक्य नव्हतं. मी कर्जतकडची. माहेरी आमच्या घराला दोन दारं, दोन्हींना आतून अडणा, म्हणजे आडवा दांडका. लग्न होऊन इथे आले तेव्हा उघड्या चौकटीकडे बघत मी कित्येक रात्री जागी होते. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या होत्या, "राखनारा बाहीर बसलाय, तू नीज." हळूहळू मला झोप लागायला लागली. आता कुणी या चौकटीला दार बसवायची भाषा केली तर आत्याबाईंच्या आधी मीच त्याच्या अंगावर जाईन.

मग यांनी साखळी आणली. खांबाला तिला बांधलं. हिला बांधणं म्हणजे काय असतं ते तेव्हा कळलं. दिवसभर भुंकणं, हिसके देणं, मानेचे केस जाऊन कातडी लाल झाली. एरवी सगळ्यांवर जीव टाकणारी कुत्री गिऱ्हाइकांच्या पायांवर गुरगुरायला लागली. मोठा कुत्रा बांधला तर एखाद वेळेस गप पडून राहतो. टेरियर राहत नाही, तिचा राग अंगात साचतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आत्याबाई बाहेर आल्या, खांबाशी थांबल्या आणि माझ्यावर बरसल्या.

"ज्या घरानं चोरासाठी कडी लावली न्हाई, त्यानं ह्या एवढ्याशा जिवाला साखळी लावायची व्हय? सोड आदी तिला."

"अहो आत्याबाई, मग ती पळून जाईल."

"तर मग न पळायचं शिकीव. दाराचं नाव काढू नगंस आन साखळीचं बी."

म्हणजे झालं. दार नको, साखळी नको, आणि अमावास्या जवळ येत चाललेली. उघड्या घरात कोंडी झाली ती फक्त माझी. मी रागाने साखळी सोडली आणि तिला कडेवर घेऊन ओट्यावर बसले. आणि तिथे बसल्या बसल्याच मला माझ्या पोराचा उंबरा आठवला.

आमच्याकडे पोर रांगायला लागलं की त्याला उंबरा दाखवतात. दार नसलेल्या घरात हे करावंच लागतं, नाहीतर आयांनी कामं कधी करायची? रीत सोपी आहे, पण जीव खाते. आई उंबऱ्याच्या बाहेर बसते. पोर रांगत येतं, उंबरा ओलांडतं. आईने ओरडायचं नाही, हसायचं नाही, डोळ्याला डोळासुद्धा द्यायचा नाही. उचलून पुन्हा आत ठेवायचं. पुन्हा येतं, पुन्हा ठेवायचं. जेव्हा ते उंबऱ्याशी थबकून बघत राहतं तेव्हा तोंडात गुळाचा खडा द्यायचा आणि मग आपणच त्याला बाहेर घ्यायचं. आत्याबाईंनी मला हे शिकवलं आणि मी मुलाला. तो मोठा झाला, शाळेत जायला लागला, तरी बाहेर पडताना उंबऱ्याशी क्षणभर थांबून माझ्याकडे बघायचा. मी म्हणायची, "जाऊन ये." मग पाऊल टाकायचा. पुण्याला निघाला तेव्हाही बॅग खांद्याला लावून तसाच थांबला होता.

मी ठरवलं, हिला उंबरा दाखवायचा. गुळाचा खडा चालणार नव्हता, म्हणून उकडलेलं अंडं. आत्याबाईंच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात तीन विटा मांडून मी वेगळी चूल केली आणि एक जुनं पातेलं अंड्यासाठी वेगळं काढलं. आत्याबाईंना वास यायचा, पण त्यांनी त्या दिवसांत नाकाचं काम बंद ठेवलं होतं.

आता या जातीच्या स्वभावाबद्दल बोलते, कारण तो मी पुस्तकातून नाही, या उंबऱ्यावर बसून शिकले. पहिली गोष्ट, हिच्याशी हट्टाला हट्ट लावला की ती जिंकते. मी ओरडले की तिला वाटायचं खेळ सुरू झाला; ती अजून जोरात पळायची. यांनी एकदा हात उगारला तर दिवसभर त्यांच्याकडे पाठ करून बसली, भाकरीकडेसुद्धा बघेना. मानी आहे. दुसरी गोष्ट, हिला एकच गोष्ट फार वेळ करवत नाही. बैलाला तासभर शिकवता येतं. हिला रसाचा एक ग्लास भरून होईल तेवढाच वेळ, मग सोडून द्यायचं, मग पुन्हा. रसवंतीत दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये मी तेवढंच करायची. तिसरी गोष्ट, हिला डोकं आहे आणि ते ती आपल्याविरुद्ध वापरते. मी रिकाम्या हाताने बाहेर बसले की उंबरा ओलांडायची, पदराला अंड्याचा वास आला की शहाण्यासारखी आत बसायची. मग मी पदराला कायमच अंड्याचा वास ठेवला. लोक काय म्हणाले असतील ते असो.

बाहेर सोडायचा शब्द मी आधी नुसता "जा" ठरवला होता. आत्याबाईंनी माळ ओढता ओढता ऐकलं आणि म्हणाल्या, "जा म्हनू ने. घरातल्या कुनाला बी नुसतं जा म्हनू ने. जाऊन ये म्हन." म्हणजे आत्याबाईंनी तिला घरातली धरली होती! मी तोंड फिरवून हसले. तेव्हापासून शब्द तोच. मी "जाऊन ये" म्हटलं की ती बाण सुटावा तशी उंबऱ्यावरून उडी घेते, गोठ्याला चक्कर मारते आणि परत येऊन आत बसते. येण्याचा अंड्याचा तुकडा जाण्याच्या तुकड्यापेक्षा मोठा द्यायचा, ही माझी स्वतःची युक्ती.

रात्री आम्ही चौकटीला एक फळी आडवी लावतो, गावातली कुत्री आत येऊ नयेत म्हणून. ती फळी या बयेने पहिल्याच आठवड्यात धावत येऊन पार केली होती. आपल्या उंचीच्या तिप्पट उडी मारते ती. पुढे उंबरा कळल्यावर फळीच्या आत गप झोपायला लागली. मी सगळ्यांना सांगत सुटले. रस प्यायला येणाऱ्या अनोळखी माणसांनासुद्धा सांगितलं. माझी जीभ जरा लवकरच सैल सुटली.

कारण मग ते मुंगूस आलं. भर दुपारी, रस्त्याच्या कडेने, शेपूट झाडत. बुटकी उंबऱ्याच्या आत होती. मी चरकात ऊस घालत होते. माझ्या कानावर फक्त नखांचा खरखर आवाज आला, आणि मी वळेपर्यंत ती रस्त्याच्या मध्ये होती. बसचा ब्रेक असा कर्कश वाजला की चरकाचा बैल थांबला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ बाई, कुत्रं सांभाळता येत न्हाई तर पाळता कशाला?" ती बसच्या पुढच्या चाकापाशी उभी होती, हातभर अंतरावर, आणि अजूनही पलीकडच्या बाभळीत शिरलेल्या मुंगसाकडेच बघत होती. मी तिला उचललं. तिचं काळीज धडधडत होतं. ओट्यावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. हे जवळ आले, पाणी दिलं आणि म्हणाले, "दे पोराला परत. उगं जिवाशी खेळ कशाला?"

यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ती माझ्याजवळ राहून मेली असती तर माझ्या अभिमानाचं मी काय करणार होते? पण रात्रभर मला एकच दिसत राहिलं, चाकापाशी उभी असतानाही तिची मुंगसाकडे लागलेली नजर. ती बेशिस्त नजर नव्हती. आपलं काम कुणीतरी हिरावून नेलं, अशी ती नजर होती. मी तिला काय करायचं नाही एवढंच शिकवत होते. करायचं काय ते कुठे सांगितलं होतं? ज्या जातीला पिढ्यान्‌पिढ्या शिकार शिकवली तिला मी दिवसभर उंबऱ्यात बसवून अंडी चारत होते. रिकामं मन सैतानाचं घर म्हणतात ते माणसांपुरतं थोडंच आहे?

आमच्या रसवंतीमागे चिपाडांचा ढीग असतो. रस निघाल्यावर उरलेली उसाची चिपाडं, गोड, ओलसर. उंदीर आणि घुशींना आयतं जेवण. त्या घुशींनी गोठ्याची जमीन पोखरली होती, बैलाचा पाय एकदा बिळात गेला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रसवंती बंद केल्यावर मी उंबऱ्याशी उभी राहिले, तिच्याकडे बघितलं आणि "जाऊन ये" म्हणत तिला मागे ढिगाकडे नेलं. यांनी लांब काठीने चिपाडं उलथली. पुढचं मला सांगताही येत नाही इतकं ते झटपट झालं. एक घूस बाहेर आली, जवळजवळ हिच्याएवढी. बुटकीने तिला मानेला धरलं, एकच झटका दिला आणि खाली टाकलं. मग दुसरी. मग उंदीर. भुंकणं नाही, आरडाओरडा नाही. अंधार पडायला लागला तेव्हा तिने स्वतःच ढिगाला एक फेरी मारली, सगळीकडे हुंगलं, आणि माझ्याआधी घरात येऊन उंबऱ्याच्या आत बसली. त्या दिवसापासून मुंगूस गेलं तरी ती फक्त कान टवकारते. तिला ठाऊक असतं, संध्याकाळी आपलं काम आहे.

शिकारीला गेलेल्या कुत्रीची निगा जास्त ठेवावी लागते. डॉक्टरांनी आधी उंदरांच्या मुतातून होणाऱ्या रोगाची लस टोचली, रेबीजची तर आधीचीच होती. ढिगावरून आली की तोंड, पाय पुसायचे, कुठे चावा लागलाय का बघायचं. बैलाच्या संगतीने गोचीड येतात, ते कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात लपतात. रोज संध्याकाळी मी चष्मा लावून ते शोधते आणि ती चारी पाय वर करून पडून राहते. केस आखूड असले तरी पांढऱ्या केसांचा पाऊस पडतो. आत्याबाईंच्या जपमाळेलासुद्धा तिचे केस सापडतात. अंघोळ फारशी नको, फणी रोज हवी. उन्हाळ्यात आमच्याकडे जमीन तापते तेव्हा तिला चरकाच्या छपराखाली ओलं पोतं अंथरते. आणि भाविकांच्या पेढ्यांवर पहारा. ते काम आत्याबाईंनी आपण होऊन घेतलं. त्या ओट्यावर बसून सगळ्यांना सांगतात, "तिला काय देऊ नगा. द्यायचं आसंल तर मला द्या."

शनी अमावास्या आली. त्या दिवशी आमच्या रस्त्यावर माणूस माणसाला चिकटून चालतो. चरकाला क्षणाची उसंत नव्हती. मुलगा दरवेळी पहाटेच येऊन पोहोचतो, यंदा गर्दीमुळे गाडी लांब अडकली आणि त्याला उशीर झाला. बुटकी सकाळपासून उंबऱ्याच्या आत. तिच्यासमोरून पोरं चुरमुरे सांडत गेली. एका मांजराने तर मुद्दाम हळूहळू चालत रस्ता ओलांडला. एका बाईने उंबऱ्याबाहेर पेढा ठेवला. बुटकीने पेढ्याकडे बघितलं, मग आत्याबाईंकडे, आणि मान फिरवली. मी उसाची कांडी चरकात सारत होते आणि एका डोळ्याने चौकटीकडे बघत होते. बैल फिरत होता. मला हातातला ऊस दिसत नव्हता.

आणि मग मुलगा दिसला. रस्त्याच्या पलीकडे, गर्दीत, हातात नवा पट्टा. त्याने आधी चौकट पाहिली. दार नव्हतं. त्याचा चेहरा कठोर झाला. मग त्याने बुटकीला पाहिलं आणि तिने त्याला.

मुंगूस काहीच नव्हतं त्यापुढे. तो तिचा पहिला माणूस. पिल्लू असल्यापासून त्याने तिला हातावर वाढवलं. तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की ओट्यावरच्या आत्याबाईंची माळ थांबली. सगळं अंग थरथरत होतं. पुढचे दोन्ही पाय उंबऱ्याला टेकले होते. त्याने तिथूनच शीळ घातली, तीच पुण्याची, तिला बोलवायची. त्याने मुद्दाम घातली, मला दाखवायला की बघ, ही थांबणार नाही, आणि मध्ये रस्ता आहे. तिचा एक पाय उंबऱ्यावर आला. तिने तो पाय उचलला आणि मागे घेतला. आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं.

गर्दी होती म्हणून बरं, नाहीतर मी तिथेच ओरडून नाचले असते. पण तिला सोडायचा शब्द मलाच बोलायचा होता, आणि तोच माझ्या तोंडातून निघेना. तो बोलले की ती त्याच्याकडे जाणार. त्याच्या हातात पट्टा आहे. तो तिला उचलेल आणि घेऊन जाईल. मी हाताने गाड्यांना थांबायची खूण केली, त्या थांबल्यात का बघितलं, रस्ता मोकळा झाला आणि म्हणाले, "जाऊन ये."

तिने उडी घेतली ती थेट त्याच्या छातीवर. त्याचं तोंड, कान, चष्मा, सगळं चाटून काढलं. तो तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसला आणि रडायला लागला. एवढा मोठा नोकरदार, लोकांच्या देखत. नंतर त्याने तिला खाली ठेवलं आणि पट्टा उलगडला. तिने पट्ट्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि वळली. मोकळा रस्ता बघून पळत आली, उंबऱ्यावरून उडी मारली आणि आत आपल्या जागी बसली. तिला कुणी हाक मारली नव्हती.

मुलगा मागोमाग आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. पट्टा त्याच्या हातात लोंबत होता. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "आई, दार न लावता? कसं?" मी म्हणाले, "तुला कसं ठेवलं होतं?" तो हसला, पण आत येईना. उंबऱ्याशी तसाच थांबला, लहानपणी थांबायचा तसा.

आत्याबाईंनी माळ मांडीवर ठेवली. "तिला जाऊन ये म्हनलं, ती आली बी माघारी," त्या म्हणाल्या. "तुला बी तेच सांगून धाडलं हुतं. तू आपला पाव्हन्यावानी येतुस आन रस पिऊन जातुस. आता काय हुबा ऱ्हातुस तितं? ये की आत."

त्याने पट्टा चौकटीच्या खिळ्याला अडकवला. तो पट्टा अजून तिथेच आहे, कुणी काढलेला नाही. मग त्याने चपला काढल्या आणि आत आला. बुटकी उंबऱ्यापासून हलली नाही. त्यालाच तिच्यावरून पाय टाकून यावं लागलं.